विहीणपंगतीतले द्रोण

कढी वाढून झाली होती आणि विहीणबाई पाटावर बसायला तयार नव्हत्या.

"मी नाई बसत," इंदूबाई ढोमणे म्हणाल्या आणि मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. "पोराची माय हाय मी. मले असंच बसवता का?"

मांडवात हशा पिकला. आमच्याकडे विहीणपंगतीत हे व्हायलाच लागतं. नवऱ्या मुलाची आई पाटापर्यंत येते, ताटाभोवतीची रांगोळी बघते, आणि रुसते. न रुसणारी विहीण म्हणजे बिनमिठाची भाजी. मग मुलीकडच्या बायांनी तिची मनधरणी करायची, गाणी म्हणायची, नाव घ्यायचं, हातावर काहीतरी ठेवायचं. तिचा रुसवा निघाला की ती बसते, आणि तिनं घास घेतला की मग बाकीच्या घेतात. सगळं लटकं असतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणूनच मजा असते.

मी नवरीची वैनी, संध्या उमक. म्हणजे मनधरणीचं पहिलं काम माझंच. एरवी मी असल्या कामात मागे राहणारी नाही. पण त्या दिवशी त्या अख्ख्या मांडवात दोघींनाच हसू येत नव्हतं. एक मी, आणि दुसरी माजघराच्या पडद्याआड शालू नेसून उभी असलेली नवरी. कारण कढी ज्या द्रोणांत वाढली होती ते द्रोण आम्ही दोघींनी केले होते, संत्र्याच्या सालींचे, आणि ते फार वेळ दम धरणार नव्हते.

मोनाली माझी नणंद. नणंद-भावजयीचं सख्य म्हणजे विळ्या-भोपळ्याचं, असं म्हणतात. मी लग्न होऊन वरुडजवळच्या या घरात आले तेव्हा ती बारावीला होती, आणि आल्या दिवशीच तिनं माझ्या रुखवतातल्या करंज्या फस्त केल्या होत्या. तिथून आमचं जमलं ते जमलंच. पुढं ती अमरावतीला बी.एस्सी. करायला गेली आणि शेवटच्या वर्षी सुटीत आली ती डोक्यात एक खूळ घेऊन. संत्र्याच्या सालीपासून प्लास्टिक करायचं. पण असं प्लास्टिक, की काम झालं की मातीत टाकावं आणि त्याची मातीच व्हावी.

आमचा बगीचा संत्र्याचा, पण साल काही आमच्याकडे साठत नाही, ती खाणाऱ्याकडे साठते. मग ही पोरगी बसस्टँडवरच्या ज्यूसवाल्यांकडून पोत्यानं साली आणायची. बाबाजी, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर बसून म्हणायचे, "लोकाईच्या पोरी संत्रं आणते घरी. आमची साल आणते."

गच्चीवरची खोली आम्ही घेतली. साली उकळायच्या, ते पाणी फेकायचं, पुन्हा उकळायच्या, पुन्हा फेकायचं, कडूपणा निघेपर्यंत. मग गच्चीवर वाळवायच्या, दळायच्या, आणि त्या पिठात मक्याचं पीठ, व्हिनेगर, मेडिकलमधून आणलेलं ग्लिसरीन घालून मंद आचेवर हाटायचं. हाटायला लागलो की कुरडयांच्या चिकाची आठवण यायची. हात थांबला की गुठळी. मापं तिची आणि हात माझा, असं ते काम वाटून गेलं. तयार झालेला गोळा पातळ पसरला तर पापडासारखा वाळायचा, उन्हाकडे धरला की आरपार नारिंगी दिसायचा. स्टीलच्या वाट्या पालथ्या घालून त्यावर थापला की त्याचा द्रोण व्हायचा.

आता खोटं कशाला सांगू, गार पदार्थाला तो द्रोण फर्मास होता. श्रीखंड घाला, दही घाला, बराच वेळ हलायचा नाही. गरम पडलं की मऊ पडायचा, आणि मऊ पडला की सालीत उरलासुरला कडूपणा बाहेर यायचा. त्यावर मोनालीनं आतून मधमाश्यांच्या मेणाचा हात फिरवायचं काढलं. मग गरम वरणही चालायला लागलं, पण ते मेण वितळेपर्यंतच. ती स्वतःच म्हणायची, "वैनी, जेवण होईस्तोवर टिकते हा. गप्पा होईस्तोवर नाई टिकत."

आम्ही दोघी त्या खोलीत इतक्या हसायचो की खालून माझे यजमान, प्रमोद, ओरडायचे, साल शिजवता का भांग शिजवता म्हणून. माझ्या आयुष्यातले ते दोन हिवाळे सगळ्यात चांगले गेले. तेव्हा तसं वाटलं नव्हतं. तेव्हा वाटायचं, हे आता असंच चालणार.

तिला काटोलच्या ढोमण्यांचं स्थळ आलं ते याच्यामुळेच. त्यांचा संत्रा बर्फीचा छोटा कारखाना. घराच्या मागं सालींचा ढीग, त्यावर माश्या, आणि रोज शेजाऱ्यांशी भांडण. मुलगा चेतन बघायला आला तेव्हा या दोघांनी रंगरूप, पगारपाणी यातलं काहीच विचारलं नाही. दोघं सालींवर बोलत बसली, पोहे गार झाले. साखरपुड्याला आम्ही द्रोणांची चळत घेऊन काटोलला गेलो. चेतनच्या वडिलांनी एक द्रोण उचलला, त्यात पाणी ओतून पाहिलं आणि म्हणाले, "आमच्या मागं टिनाचं शेड रिकामं पडून हाय. लग्नात विहीणपंगत जेवून दाखवा या द्रोणात. साऱ्या पाहुण्यायसमोर टिकले, तं शेड सूनबाईचं. साली आमच्या, शेड आमचं, डोकं तिचं."

मोनालीनं मान वर केली. "माह्या वैनीले पण यावं लागंन. हाटाले."

"त्यायले पण आणा की," ते हसून म्हणाले.

मला आजवर कोणी कुठं आणा म्हटलं नव्हतं. मी सासरी आले ती सगळ्यांचं करायला. हंगामापुरतं का होईना, आपल्या हाताच्या कामासाठी कोणी आपल्याला गाडी पाठवणार, या विचारानं मला त्या रात्री झोप लागली नाही. प्रमोद म्हणाले, "जा बापा, हंगामापुरती जा." इतकं सगळं त्या एका पंगतीवर येऊन बसलं होतं.

इंदूबाई मात्र त्या दिवशी काही बोलल्या नव्हत्या. त्यांनीही एक द्रोण उचलला होता, नाकाशी नेला, बुडाला अंगठा दाबून पाहिला, आणि खाली ठेवून आत निघून गेल्या. बाई कमी बोलणाऱ्या आणि घरात त्यांच्या शब्दाशिवाय पान हलत नव्हतं. निघताना द्रोण गोळा केले तर एक कमी भरला. मोनाली म्हणाली, "कोणी कचरा समजून फेकला असंन." तिचा चेहरा जरा उतरला होता. आम्हा दोघींनाही वाटलं, सासूच्या मनात हे बसलेलं दिसत नाही.

म्हणून पंगतीची आम्ही फार काळजी घेतली. बाकी सगळ्या पंगती साध्या स्टीलच्या ताटांत उरकल्या. द्रोण फक्त विहीणपंगतीला, पंधरा-वीस बायांपुरते. मोनालीनं वाढप्यांना बजावलं होतं, कढी शेवटी वाढायची, विहीणबाई पाटाशी आल्या की मगच. तसंच केलं. इंदूबाई पाटाशी आल्या, मी मान हलवली, वाढप्यानं वाफाळती कढी वाढत नेली, आणि त्याच क्षणी बाई मागं सरून खांबाला टेकल्या.

मी पुढं झाले. साडी दिली, नारळ दिला. नाव घेतलं. त्यांनी साडी काखेत घातली आणि म्हणाल्या, "साडी तं साऱ्याच देते."

बायांनी गाणं लावलं. विहीणबाईचं नाक मोठं, त्यांची चाल मोठी, त्यांचा तोरा मोठा, असलं सगळं आमच्या मोठ्या आत्याबाईंनी खड्या आवाजात म्हटलं. इंदूबाईंचे ओठ हसायला आले, त्यांनी ते आवरले. मी तेवढ्यात जवळ जाऊन हळूच म्हटलं, "बाई, बसा ना. कढी निवू रायली."

"निवू द्या," त्या म्हणाल्या. "मी का पळून चालली?"

द्रोण विरघळतील, लवकर बसा, असं सांगायला पाहिजे होतं हे आज कोणीही म्हणेल. पण आम्ही मुलीकडचे. ज्या वस्तूची परीक्षा सुरू आहे, तिच्यात खोट आहे हे परीक्षेच्या आधीच आपल्या तोंडानं व्याह्यांना सांगायचं? आमच्यात भाजीत मीठ जास्त पडलं तरी मुलीकडचे ते सांगत नाहीत, पाहुणे म्हणेपर्यंत गप्प राहतात. म्हणून मी कढी निवते म्हटलं. आमच्या भाषेत त्याचा अर्थ तोच होता, पण तो आम्हा दोघींनाच कळणारा होता.

मग इंदूबाई म्हणाल्या, "मले चांदीच्या वाटीत कढी पाहिजे."

मांडवात कुजबुज सुरू झाली. रुसव्यात चांदीची वाटी मागणं काही नवीन नाही. पण समोर सुनेनं स्वतः केलेले द्रोण मांडलेले असताना बाईनं चांदीची वाटी मागितली, याचा अर्थ सगळ्यांनी एकच घेतला. मीही घेतला. आत्याबाई माझ्या कानाशी लागल्या, "म्हणून म्हणत होती मी. पळसाचे द्रोण का मेले होते वं?"

बाबाजींनी प्रमोदला देवघरातली चांदीची वाटी आणायला पिटाळलं. कुलूप लावलेलं, किल्ली सासूबाईंच्या कमरेला, आणि सासूबाई मागल्या दारी पाहुण्यांना निरोप देत होत्या. वेळ चालला होता. इंदूबाईंना काही घाई नव्हती. त्या मांडवभर नजर फिरवत होत्या. "चेतनचे बाबा कुठं गेले? बोलवा त्यायले. अन् सरलाताई कुठं हाय? ती आल्याबिगर मी नाई बसत." सरलाताई म्हणजे त्यांची नागपूरची नणंद, मोठी ठसक्याची बाई, ती लुगडं बदलायला गेली होती. तिला बोलवायला माणूस गेला.

माझं लक्ष द्रोणांकडे. बाहेरून सगळे ठीक दिसत होते. मात्र कढीवर तुपाचे असतात तसे बारीक डोळे तरंगायला लागले होते, आणि ते तुपाचे नव्हते.

"वैनी." पडद्यामागून मोनालीचा आवाज आला. मी गेले. मुंडावळ्यांखाली तिचा चेहरा पांढरा पडला होता. "मेण सुटलं असंन आता. अजून किती वेळ?"

"येऊ रायली ती सरलाताई. झालंच."

"मी जाऊन सांगू का त्यायले? एक शब्दच तं हाय."

ती खरंच एक पाऊल पुढं आली होती. पडद्याची कड तिच्या हातात होती. आत्याबाई मागून येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काय पोट्टे, आपल्या सासूले जेवा म्हणून घाई करते का? नवरीनं बाहेर तोंड नाई काढा लागत." मोनालीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या मुंडावळ्या सारख्या केल्या. तिनं पडदा सोडला.

सरलाताई आली, आल्या आल्या पाटावर बसली. प्रमोद घामाघूम होऊन वाटी घेऊन आले. तीत ताजी कढी घालून आत्याबाईंनी ती इंदूबाईंच्या ताटात मांडली. आता कुठं इंदूबाई बसल्या. सगळा मांडव भोवती गोळा झाला होता. त्यांनी ती चांदीची वाटी उचलली, सगळ्यांना दिसेल अशी धरली, आणि डाव्या हाताला, रांगोळीच्या बाहेर, ठेवून दिली.

"हे ठेवा तिकडं," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, संपलं. आता वाटीही नको. हा रुसवा खरा आहे.

त्यांचा हात द्रोणाकडे वळला होता, काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात सरलाताईनं रीत मोडून आपला द्रोण तोंडाला लावला आणि कढीचा घोट परत ताटात थुंकला.

"अवो बाप्पा. कडू जहर हाय हे."

तिनं द्रोण आपटून ठेवला तसं त्याचं बूड सुटलं. मग पंगतीत एकामागून एक सुटत गेले. कोणी उचलायला गेलं तर कड हातात आणि कढी मांडीवर. नव्या रेशमी लुगड्यांवर पिवळे ओघळ. कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. "संत्र्याच्या सालीत जेवाले घातलं, अन् म्हणे विहीणपंगत," सरलाताई पदर झटकत म्हणाली. इंदूबाईंचा हात द्रोणावर तसाच थांबला होता. मग त्यांनी तो मांडीवर घेतला, जिलेबीचा तुकडा मोडून रीतीपुरता तोंडात टाकला आणि उठल्या. एक अक्षर बोलल्या नाहीत. ढोमणेकाकांनीही शेडचं नाव काढलं नाही, आणि आम्ही कोणत्या तोंडानं काढणार?

पाठवणीच्या वेळी मोनाली फार रडली. नवऱ्या रडतातच, कोणाला त्यात वेगळं वाटलं नाही. माझ्या गळ्यात पडली तेव्हा कानात म्हणाली, "वैनी, कढई घासून ठेवा वरची. घरात कामी येईन."

उरलेले द्रोण बाबाजींनी संत्र्याच्या आळ्यात नेऊन टाकले. पुढं दोन-तीनदा ओलिताचं पाणी दिलं आणि एके सकाळी त्यांनी मला बगीच्यात बोलावून दाखवलं. आळ्यात मातीशिवाय काही नव्हतं. बाबाजी तिथंच बांधावर बसले. "खरं सांगत होती वं पोट्टी," ते म्हणाले. "मातीच झाली."

मी ती कढई घासली. ती आजही आमच्याकडे चिवडा भाजायला लागते. गच्चीवरच्या खोलीत कांदे आहेत.

मोनालीचा संसार चांगला झाला. चेतन भला माणूस, मूलबाळ झालं, ती कारखान्यात बर्फीचं पॅकिंग बघायला लागली. साली ट्रॅक्टरनं गावाबाहेर जाऊ लागल्या. आम्ही भेटलो की सगळ्या जगाचं बोलायचो, ते सोडून. सासू-सुनेचं कधी वाजलं नाही, पण एकमेकींच्या जवळ बसलेलंही मी त्यांना कधी पाहिलं नाही. मी मनातल्या मनात त्या बाईला कधी माफ केलं नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात इंदूबाई अंगणात पडल्या आणि कमरेचं हाड मोडलं. मी भेटायला गेले. दुपारची वेळ, चेतन कारखान्यात, मोनाली स्वयंपाकघरात. मी त्यांच्या पलंगाशी बसले. बाई वाळून गेल्या होत्या, आवाज मात्र तसाच.

"संध्या, थंडी वाजते. कपाटात खाली माही शाल हाय, दे बरं काढून. किल्ली उशीखाली हाय."

मी कपाट उघडलं. शाल ओढली तर तिच्या मागून लुगड्यांच्या घडीत ठेवलेलं काहीतरी घरंगळत पुढं आलं. नारिंगी द्रोण. रंग जरा काळवंडला होता, कड एका जागी चिरली होती, आत शर्टाची बटणं आणि सेफ्टीपिना. मी तो हातात घेऊन उभी राहिले.

"हा कुठून आला, बाई?"

त्यांनी मान वळवली. पाहिलं. "तुमचाच हाय. साखरपुड्याच्या दिवशी मी ठेवून घेतला. मांगाले लाज वाटली."

"कायले ठेवला?"

"आवडला म्हणून. दुसरं काय असते?"

मला राग आला. इतकी वर्षं दाबून ठेवलेला होता, तो आला. "आवडला होता तं मंग मांडवात चांदीची वाटी कायले मांगितली?"

"रुसाले काही मांगा लागते की नाई?" त्या सहज म्हणाल्या. "मी घरूनच ठरवून आली होती. चांदीची वाटी आणवायची, साऱ्यायसमोर बाजूले सारायची, अन् म्हणायचं, माह्या सुनेच्या हातचा द्रोण हाय माह्याजवळ, मले चांदी काय करायची? सरलानं सांगितलं होतं ना गावभर, ढोमणे साल आणू रायले सून म्हणून. तिच्यासमोर म्हणायचं होतं मले. म्हणून तं तिची वाट पाह्यली."

मी पलंगाच्या कडेवर बसले. चांदीची वाटी डाव्या हाताला, रांगोळीच्या बाहेर. द्रोणाकडे वळलेला हात. मी ते सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मंग नंतर काऊन नाई बोलल्या?"

"कसं बोलू? लोकं हासू रायले होते. त्या वक्ताले मी तसं म्हटलं असतं तं पोरीची अजून थट्टा झाली असती. दुसऱ्या दिवशी मी तिच्याजवळ बसली. शेडची किल्ली होती माह्या हातात. तं तिनंच म्हटलं, आई, ते मी आता करत नाई, त्याचं नाव नका काढू. मले वाटलं, दुखत असंन तिले. जखमेवर मीठ कायले चोळा? नाई काढलं मी नाव."

"बाई, तिले वाटलं तुमाले ते पसंत नाई. म्हणून म्हटलं तिनं."

इंदूबाईंनी उशीवरून मान उचलून माझ्याकडे पाहिलं. "मले?" त्या म्हणाल्या. मग शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "तो जास्त वेळ टिकत नाई, हे मले कोणी सांगितलंच नाई वं."

मी द्रोणातली बटणं काढून टेबलावर ठेवली आणि द्रोण घेऊन स्वयंपाकघरात गेले. मोनाली सासूचं ताट वाढत होती. द्रोण बघून तिचा हात थांबला. मी जे ऐकलं ते तिला सांगितलं, काही न वगळता. ती ओट्याला पाठ लावून उभी राहिली, नळ वाहत होता, तो मीच बंद केला.

"मी रोज पुसते ते कपाट," ती म्हणाली. "बाहेरून."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते तिनं पुसलं नाही. "पडद्याची कड माह्या हातात होती, वैनी. एक शब्द होता."

मी म्हटलं, "शेड तं हाय ना अजून?"

खिडकीतून मागचं शेड दिसत होतं. त्याच्यापुढं सालींचा ढीग, आणि ट्रॅक्टरवाला फावड्यानं तो भरत होता. "त्यात कॅरेट हायेत आता, पार छतापर्यंत," ती म्हणाली. "अन् माह्या हातात ते रायलं नाई आता. मापंही इसरली मी."

माझ्याही हातात राहिलं नव्हतं. चीकसुद्धा आता घरी कोण हाटतं, कुरडया विकत मिळतात. आम्ही दोघी तो ट्रॅक्टर भरून जाईपर्यंत खिडकीशी उभ्या होतो.

मग तिनं द्रोण माझ्या हातातून घेतला, धुतला नाही, कोरड्या फडक्यानं आतून पुसला. ताटातली दह्याची स्टीलची वाटी उचलून बाजूला ठेवली. फ्रिजमधलं गार दही काढून द्रोणात घातलं, वर चिमूटभर साखर टाकली आणि ताट घेऊन आत गेली. मी मागून गेले.

इंदूबाईंना आम्ही उशीला टेकवून बसवलं. त्यांनी ताटाकडे पाहिलं. मग सुनेकडे पाहिलं. सून त्यांच्या शेजारी पलंगावर बसली, अगदी जवळ, आणि द्रोण त्यांच्या हातात देत म्हणाली,

"लवकर खा, आई. हा जास्त वेळ नाई टिकत."

इंदूबाईंनी चमचा घेतला नाही. बोटांनी खाल्लं, भराभर, शेवटी कडेनं बोट फिरवून पुसून खाल्लं. द्रोण उलटा करून बुडाला अंगठा लावून पाहिला. कोरडा होता.

"एवढंच सांगायचं होतं वं पोरी, तेव्हा," त्या म्हणाल्या.